सगळ्या गाड्या ६१७४ ला

(मंडळाच्या गणेशोत्सवात तिसऱ्या दिवशी संध्याकाळी केलेले भाषण)



सर्वप्रथम एक खुलासा. चिटणीसांनी बाहेरच्या फळ्यावर माझ्या नावापुढे 'गणिताचे अभ्यासक' असे लिहिले आहे. ती त्यांची मायेची चूक आहे. मी डिप्लोमावाला माणूस. पॉलिटेक्निकला पहिल्या वर्षी माझा गणिताचाच पेपर राहिला होता. नोकरी रेल्वेत, कॅरेज अँड वॅगन विभागात. तेव्हा आज जे सांगणार आहे ते विद्वत्तेचे नाही, गमतीचे आहे. ज्यांना बेरीज-वजाबाकी येते त्यांना सगळे कळेल. ज्यांना येत नाही त्यांनी शेजाऱ्याचे बघून लिहावे, आज सूट आहे.

आरतीचे कागद वाटले आहेत ना? त्यांची मागची बाजू कोरी आहे. त्यावर चार आकडी कोणतीही संख्या लिहा. अट एकच, चारही अंक सारखे नकोत. आता तेच अंक उतरत्या क्रमाने लिहा, म्हणजे सर्वांत मोठी संख्या होईल. खाली चढत्या क्रमाने लिहा, म्हणजे सर्वांत लहान. मोठीतून लहान वजा करा. जे उत्तर येईल त्याच्यावर पुन्हा हेच करा. मध्ये कुठे शून्य आले तर ते टाकायचे नाही. ९९९ आले तर ०९९९ समजायचे. करत राहा.

तुमचे होईपर्यंत मी एक करून दाखवतो. १९०५ घेऊ. ९५१० वजा ०१५९ म्हणजे ९३५१. मग ९५३१ वजा १३५९, ८१७२. मग ८७२१ वजा १२७८, ७४४३. पुढे ३९९६, पुढे ६२६४, पुढे ४१७६, आणि ७६४१ वजा १४६७ म्हणजे ६१७४. आता ६१७४ वर हेच करा. पुन्हा ७६४१ वजा १४६७. पुन्हा ६१७४. गाडी टर्मिनसला लागली, पुढे रूळच नाहीत.

हात वर करा, कोणाकोणाचे ६१७४ आले? ... पाहिलेत? ज्यांचे आले नाही त्यांनी वजाबाकी तपासावी, कारण कुठूनही निघा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतेच. १९०५ ला बरोबर सात लागल्या.

१९०५ मी उगाच घेतले नाही. ज्या माणसाने ही गोष्ट १९४९ मध्ये उजेडात आणली त्यांचे ते जन्मसाल. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. जन्म डहाणूचा, शाळा ठाण्याची, कॉलेज पुण्याचे फर्ग्युसन. १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे बक्षीस मिळाले, १९२९ ला बी.एस्सी. झाले. पुढची पदवी नाही. १९३० पासून १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत नाशिकजवळ देवळालीला शाळामास्तर. म्हणजे जन्म आपल्या पश्चिम रेल्वेवरचा आणि आयुष्य मध्य रेल्वेवरचे! वडील कारकून होते आणि त्यांना ज्योतिषाचा नाद होता. पत्रिका मांडायच्या तर आकडेमोड आली, ती गोडी मुलाला लागली आणि आयुष्यभर सुटली नाही. दारुड्याला जशी दारू तसे मला आकडे, असे ते स्वतःविषयी म्हणत.

आपल्याकडचे बरेच मोठे गणिती त्यांना हसले. हे काय गणित आहे, पोरखेळ आहे, असे त्यांचे मत. मास्तर मात्र आपली संशोधने छोट्या पुस्तिकांतून स्वतःच छापत राहिले. १९७५ साली मार्टिन गार्डनर या अमेरिकन लेखकाने 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकातल्या आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिले आणि देवळालीचे मास्तर जगभर माहीत झाले. तेव्हा ते सत्तर वर्षांचे होते. १९८६ मध्ये गेले. आज ६१७४ ला साऱ्या जगात 'कापरेकर स्थिरांक' म्हणतात. हे नाव आपल्या मुलांना शाळेत कितपत सांगितले जाते, ते समोरच्या बालगोपाळांनाच विचारा. मी विचारले होते, म्हणून सांगतो.

आता घरची गोष्ट. माझी मुलगी आठवीत असताना गणितात मागे पडली. प्रगतिपुस्तक दोन दिवस दप्तरातच राहिले. आमच्या सौ.नी ते शोधून काढले आणि घरात जे व्हायचे ते झाले. मी रागावलो नाही, कारण मला माझे पॉलिटेक्निकचे दिवस आठवत होते. रात्री जेवण झाल्यावर मी तिला हा ६१७४ चा खेळ दाखवला. तिने पाच-सहा संख्या करून पाहिल्या, हसली, आणि म्हणाली, "बाबा, पण असं का होतं?"

मला उत्तर आले नाही.

कितीतरी वर्षे मी हा खेळ पार्टीत, लग्नात, रेस्ट हाऊसमध्ये करून टाळ्या घेतल्या आहेत, आणि 'का' हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. सूत्र पाठ करायचे, आकडे टाकायचे, पास व्हायचे, असेच आमचे शिक्षण झाले. तिला म्हटले, उद्या सांगतो. तो उद्या यायला तीन रात्री लागल्या. पण त्यात जे सापडले ते तुम्हाला सांगतो, कारण ते त्या खेळापेक्षा सुंदर आहे.

मोठ्या संख्येत सर्वांत मोठा अंक हजाराच्या घरात असतो आणि लहान संख्येत तोच एककाच्या घरात. सर्वांत लहान अंकाचे बरोबर उलटे. म्हणून वजाबाकीत या दोघांमधला फरक १००० वजा १, म्हणजे ९९९ वेळा मोजला जातो. मधल्या दोन अंकांचे तसेच. ते शतक आणि दशकाच्या घरात जागा बदलतात, म्हणून त्यांच्यातला फरक १०० वजा १०, म्हणजे ९० वेळा. बस्स. १९०५ घ्या. मोठा ९, लहान ०, फरक ९. मधले ५ आणि १, फरक ४. ९ गुणिले ९९९ म्हणजे ८९९१, अधिक ४ गुणिले ९० म्हणजे ३६०. एकूण ९३५१. आले ना मघाचेच?

याचा अर्थ असा की तुमचे चार अंक कोणतेही असोत, उत्तर फक्त दोन फरकांवर ठरते. बाहेरचा फरक १ ते ९, आणि आतला शून्यापासून बाहेरच्या फरकाइतका. अशा जोड्या किती? मोजून ५४. शून्यापासून नऊ हजार नऊशे नव्व्याण्णवपर्यंत दहा हजार स्टेशनांवरून गाड्या सुटतात, त्यातल्या सारख्या अंकांच्या दहा सोडल्या तर बाकी सगळ्या पहिल्याच फेरीत ५४ जंक्शनांवर येऊन उभ्या राहतात!

मुलीने ती ५४ उत्तरे वहीत लिहिली आणि प्रत्येकापुढे बाण काढून पुढचे उत्तर लिहिले. दोन संध्याकाळी लागल्या. मोठा कागद चिकटवून त्यावर ते सगळे उतरवले तर अगदी यार्डाचा नकाशा दिसू लागला. लाइनी एकमेकींना मिळत जातात आणि शेवटी एकाच प्लॅटफॉर्मला येतात. ती म्हणाली, "म्हणजे सगळं तपासूनच पाहायचं?" मी म्हटले, हो, पण दहा हजार तपासायच्या ऐवजी ५४ च तपासायच्या, एवढी अक्कल आधी चालवायची. तो कागद अजून आमच्या हॉलमध्ये आहे. पाहुणे विचारतात, कोणत्या डिव्हिजनचा नकाशा?

एक गंमत फक्त रेल्वेवाल्यांसाठी. डिसेंबर २०१० पर्यंत आपल्या गाड्यांचे नंबर चार आकडी होते. आपल्या रतलामला थांबणारी मुंबई राजधानी तेव्हा २९५१ होती. हिला खेळात सोडा : ८२६२, ६३५४, ३०८७, ८३५२ आणि पाचव्या पायरीला ६१७४. गाडी वेळेवर. मग नंबर पाच आकडी झाले, ती १२९५१ झाली. आता सोडा : ८३९५२, ७४९४३, ६२९६४, ७१९७३, आणि पुढे? पुन्हा ८३९५२! राजधानी गोल गोल फिरू लागली. पाच अंकांच्या संख्यांना टर्मिनसच नाही, सगळ्या कोणत्या ना कोणत्या वर्तुळात अडकतात. तीन अंकांना आहे, ४९५. घरी करून पाहा.

मास्तरांच्या दुसऱ्या एका शोधाचा जन्मच रेल्वे स्टेशनवरचा. ११ चा वर्ग १२१. १११ चा १२३२१. ११११ चा १२३४३२१. असे नऊ एकांपर्यंत जा, वर्ग येतो १२३४५६७८९८७६५४३२१. घाट चढावा आणि उतरावा तसा. दहावा एक लावला की हातच्यांची गर्दी होते आणि घाट मध्येच ढासळतो. या संख्यांना आणि त्यांच्या सगळ्या गोताला मास्तरांनी नाव दिले 'डेमलो'. जी.आय.पी. रेल्वेवर ज्या स्टेशनात ही कल्पना सुचली त्याचे हे त्या वेळचे नाव, आजचे डोंबिवली. आज डोंबिवलीच्या फलाटावर सकाळी उभे राहायला जागा मिळाली तरी पुष्कळ, कल्पना सुचणे लांबच.

आणि गणपतीच्या मांडवात सांगायलाच हवी अशी एक. कोणतीही संख्या घ्या, तिच्यात तिचे अंक मिळवा. २३ अधिक २ अधिक ३ म्हणजे २८. म्हणजे २८ ला २३ ने जन्म दिला. पण काही संख्या अशा आहेत की कोणत्याही संख्येत तिचे अंक मिळवून त्या येतच नाहीत. त्यांना आई-बाप नाहीत. १, ३, ५, ७, ९, मग २०, ३१, ४२, ५३, ६४, ७५, ८६, ९७. शंभराच्या आत या तेराच. त्यांना म्हणतात स्वयंभू संख्या, आणि देवळाली संख्या असेही. कॉलनीत ज्यांचे क्वार्टर या नंबरांचे आहे त्यांनी आजपासून कॉलर ताठ ठेवायला हरकत नाही.

हे सगळे ऐकून आमचे एक सहकारी मला नेहमी विचारतात, "साहेब, याचा उपयोग काय?" समोरच बसले आहेत, म्हणून उत्तर देतो. वॅगनला मराठी वर्तमानपत्रे वाघीण म्हणतात. अशा वाघिणींच्या पोटाखाली माझी उमेद गेली. प्रत्येकीवर अकरा आकडी नंबर असतो. पहिले दोन तिचा प्रकार, पुढचे दोन मालक रेल्वे, पुढचे दोन बांधणीचे वर्ष, मग चार तिचा स्वतःचा क्रमांक आणि अकरावा तपासणीचा अंक. समजा पहिले दहा ३००८१२४५६१ आहेत. सम जागांवरच्या अंकांची बेरीज १६, तिची तिप्पट ४८. विषम जागांची १४. एकूण ६२. पुढची दहाची पूर्ण संख्या ७०, म्हणून अकरावा अंक ८.

नवीन नोकरीत, एका यार्डात रात्रपाळीला मी अशाच नंबरात ४५ चे ५४ लिहिले. सकाळपर्यंत ती वाघीण कोणालाच सापडेना. भर ऑफिसात 'डिप्लोमावाल्यांचे असेच' हे वाक्य ऐकून घ्यावे लागले, आणि ते फार दिवस बोचले. चूक माझीच होती. पण तो अकरावा अंक कशासाठी आहे हे मला तेव्हा कोणी सांगितले नव्हते, आणि मीही विचारले नव्हते. उलटलेल्या नंबराची बेरीज करा : सम जागा १५, तिप्पट ४५, विषम १५, एकूण ६०, अधिक ८ म्हणजे ६८. सत्तर नाही. चूक मिनिटात हातात आली असती. तिप्पट का करायची? सगळे अंक नुसतेच मिळवले तर ४५ काय आणि ५४ काय, बेरीज तीच. तिपटीमुळे जागा बदलली की बेरीज बदलते. अर्थात हा पहारेकरीही कधी डुलकी घेतो. शेजारच्या दोन अंकांत बरोबर ५ चा फरक असेल, म्हणजे १ आणि ६, २ आणि ७ अशी जोडी उलटली, तर त्याला कळत नाही. ही गोष्ट मुलीने शोधली, मी नाही. तिला आता गणितात किती गुण पडतात ते मी सांगणार नाही, ती मागे उभी राहून डोळे वटारते आहे.

पुढे महाप्रसाद आहे आणि भाताचा वास इथपर्यंत आला आहे, म्हणून थांबतो. बाहेर स्कूटर-मोटारी लावल्या आहेत, त्यांच्या पाटीवरचे शेवटचे चार आकडे घेऊन पंगत बसेपर्यंत करून पाहा. सातच्या वर पायऱ्या लागल्या तर मला पानावरून उठवा. ज्यांनी हौसेने जास्त पैसे मोजून ७७७७ घेतला आहे त्यांनी मात्र या भानगडीत पडू नये. पहिल्याच वजाबाकीला त्यांचे शून्य होते.

गणपती बाप्पा मोरया!