नाताळातल्या एका शनिवारची गोष्ट



चित्रपट पाहून आलेला माणूस घरी येतो, जेवतो आणि झोपी जातो. फार तर दोन दिवस एखादे गाणे ओठांवर रेंगाळते. परंतु १९१० सालच्या नाताळात, एका शनिवारी, मुंबईच्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमधून बाहेर पडलेल्या एका चाळिशीच्या गृहस्थाला त्या रात्री झोप लागली नाही. त्यांचे नाव धुंडिराज गोविंद फाळके. पडद्यावर होते येशू ख्रिस्ताचे चरित्र.

चलच्चित्रे त्यांना नवी नव्हती. कुटुंबीयांसमवेत, स्नेह्यांसमवेत त्यांनी ती अनेकदा पाहिली होती. त्या दिवशी मात्र काही निराळेच घडले. १९१७ साली ‘नवयुग’ मासिकात त्यांनी स्वतःच ते लिहून ठेवले आहे. ख्रिस्तचरित्रातील उदात्त प्रसंगांना नकळत टाळ्या वाजवीत असतानाच त्यांच्या मनश्चक्षूंपुढे श्रीकृष्ण, श्रीरामचंद्र, गोकुळ आणि अयोध्या उभी राहू लागली. खेळ संपला. त्यांनी पुन्हा तिकीट काढले आणि तोच चित्रपट दुसऱ्यांदा पाहिला. भारतपुत्रांना भारतीय चित्रे पडद्यावर कधी पाहता येतील काय, या एका प्रश्नाने ती रात्र तळमळीत गेली.

टाळ्यांची गोष्ट मुद्दाम ध्यानात घ्यावी. दुसऱ्याच्या देवपुरुषाला मनापासून दाद देता देताच या माणसाला आपल्या देवांची आठवण झाली. त्यात असूया नव्हती, होती ती केवळ हुरहूर.

पुढे सरस्वतीबाईंनाही त्यांनी तो खेळ दाखवला. ख्रिस्ताच्या यातना पाहून प्रेक्षक रडत होते, असे बाईंच्या आठवणींत आहे. असेच आपल्या रामकृष्णांचे चित्रपट काढायचे, हा बेत पतीने त्यांना तेव्हाच सांगितला. त्या बिचाऱ्या माउलीला त्याचा अर्थ तेव्हा कितपत कळला असेल? छापखान्याचा जम बसलेला व्यवसाय सुटलेला, पदरी मुले, आणि यजमानांना लागलेले हे वेड! रात्रंदिवस चित्रपट पाहून आणि प्रयोग करून फाळक्यांच्या डोळ्यांवर असा ताण आला की, काही काळ दृष्टीच गेली. उपचारांनी ती परत आली. मग विम्याच्या पॉलिसी गहाण पडल्या आणि १९१२ साली ते विलायतेला जाऊन कॅमेरा घेऊन आले. सरस्वतीबाईंचे दागिनेही या कामी गेले. एवढे करून त्या थांबल्या नाहीत. कच्च्या फिल्मला कडेची भोके पाडणे, ती धुणे आणि शिवाय सगळ्या मंडळींचा स्वयंपाक, हे सारे त्यांच्याच हातचे. इतिहासाने त्यांची म्हणावी तशी दखल घेतलेली नाही, हे खेदाने म्हणावे लागते.

३ मे १९१३ रोजी गिरगावातील कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. तो इतिहास सर्वांना ठाऊक आहे. परंतु नाताळातल्या त्या रात्रीचे खरे उत्तर मिळाले ते चार वर्षांनी, ‘लंकादहन’ने. गिरगावातच वेस्ट एंडमध्ये तो लागला, तेव्हा सकाळपासून मध्यरात्र उलटेपर्यंत खेळ चालत. मद्रासेस तिकिटांची नाणी बैलगाडीतून न्यावी लागली, असे सांगतात. गल्ल्याच्या या कथा ऐकायला गोड वाटतात. मन भरून येते ते मात्र दुसऱ्याच एका आठवणीने. पडद्यावर प्रभू रामचंद्र प्रकट होताच प्रेक्षक पायांतल्या वहाणा काढून ठेवीत आणि हात जोडीत.

आणि तो राम कोण होता? अण्णा साळुंके. मुंबईतील एका उपाहारगृहातून फाळक्यांनी उचलून आणलेला स्वयंपाकी! स्त्रिया पडद्यावर यायला तयार नसत, म्हणून ‘हरिश्चंद्र’मध्ये तारामती झालेला हाच गडी. ‘लंकादहन’मध्ये राम तोच आणि सीताही तोच. एकाच देहाला लोकांनी राम म्हणून वंदन केले आणि सीता म्हणून त्याच्यासाठी डोळे पुसले. त्यांना दिसत होते ते साळुंके नव्हेतच.

‘लंकादहन’चा आज केवळ काही भाग शिल्लक आहे. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने फाळक्यांच्या चित्रपटांचे जे तुकडे जपले आहेत, ते आवाजाविना डोळ्यांसमोरून सरकतात. अशोकवनातली सीता झाडाखाली बसलेली दिसते. मनगटे थोडी दणकट आहेत.