भिंतीपलीकडची माणसं



 कारागृहांवरच्या या परिषदेत पाहुण्यांपुढे गावाचं कौतुक करायचं, ही स्वागताध्यक्षाची रीत. कृष्णाकाठच्या आमच्या सांगलीची हळद, आमचा गणपती आणि विष्णुदास भाव्यांचं नाटक तुम्हाला ठाऊक आहेच. म्हणून मी आज आमच्या जिल्ह्यातल्या दोन तुरुंगांबद्दल बोलणार आहे.

पहिला या शहरातला. 24 जुलै 1943 रोजी स्वातंत्र्यसैनिक वसंतदादा पाटील आणि त्यांच्या साथीदारांनी तो फोडला, तटावरून खंदकात उड्या घेतल्या. दादांना गोळी लागली, दोन साथीदार प्राणाला मुकले. सांगलीतल्या प्रत्येक मुलाला ही गोष्ट पाठ असते.

दुसऱ्या तुरुंगाची गोष्ट त्या मानानं कमी सांगितली जाते. त्याला तट नाही, त्यामुळे उडी मारायचा प्रश्नच नाही. आटपाडीजवळचं स्वतंत्रपूर. तेव्हा आटपाडी औंध संस्थानात होती. राजे भवानराव पंतप्रतिनिधी आणि मूळचे पोलंडचे अभियंते मॉरिस फ्रीडमन यांनी 1939 मध्ये ही वसाहत उभी केली. खुनासारख्या गुन्ह्यात शिक्षा झालेली माणसं तिथं शेती करू लागली, आणि मुख्य म्हणजे बायकामुलांना घेऊन राहू लागली. शेजारच्या शेटफळ्याचे गदिमा यांनी या प्रयोगावरून कथा लिहिली आणि व्ही. शांताराम यांनी 1957 मध्ये ‘दो आँखें बारह हाथ’ पडद्यावर आणला. चित्रपट जगभर गेला. वसाहत मात्र माणदेशाच्या त्या कोरड्या रानात आपलं काम करत राहिली.

स्वतंत्रपूरसारखं घरच्यांसोबत राहणं बाकीच्या तुरुंगांत नाही. तिथं कैद्याला भाकरी किती, अंथरूण किती, बराकीत जागा किती, याची मोजदाद आपण करतो आणि ती केलीच पाहिजे. 2022 अखेर देशातल्या कारागृहांची क्षमता 4,36,266 होती आणि आत माणसं होती 5,73,220. म्हणजे शंभरांच्या जागेत एकशे एकतीस. त्यांतले चारातले तीन न्यायाधीन, ज्यांचा गुन्हा अजून शाबीतही झालेला नाही. या गर्दीत आधी झोपायची जागा जाते, हे सगळ्यांना दिसतं. त्याबरोबर घरच्यांशी मुलाखतीची वेळही जाते, ते दिसत नाही. खिडक्या तेवढ्याच, रांग मात्र सव्वापटीहून मोठी.

एका जिल्हा कारागृहातला मुलाखत कक्ष मी वकिलीच्या तीस वर्षांत शेकडो वेळा पाहिला. मध्ये जाळी, दोन्ही बाजूंना माणसंच माणसं, आणि सगळी एकदम ओरडतायत. पहाटेची एसटी धरून आलेली एक आई मला आठवते. मुलाशी काय बोलायचं हे तिनं वाटेत घोकलं होतं: म्हैस व्याली, बहिणीचं ठरतंय, वकिलाचे पैसे दिले. वीस मिनिटांत तिला एवढंच ओरडता आलं, “जेवतोस ना?” आणि त्यानं मान हलवली. बाहेर येऊन ती मला म्हणाली, “सायेब, त्याचा आवाज काय आला न्हाई, पर तोंड बघितलं.” त्यानंतर मी प्रत्येक अशिलाला पहिला प्रश्न विचारू लागलो: भेटायला कोण येतं? ज्याचं उत्तर ‘कुणीच नाही’ असं यायचं, तो माणूस महिन्याभरात खचलेला दिसायचा. दाढी वाढलेली असायची, तारखेला यायचीही इच्छा नसायची.

कायदा या बाबतीत कधीच स्पष्ट झालेला आहे. फ्रान्सिस कोराली मुलिन खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 1981 मध्येच सांगितलं, की घरच्यांना भेटणं हा कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. संचित रजा आणि अभिवचन रजा, म्हणजे फर्लो आणि पॅरोल, यांचे नियम तर आपल्याकडे 1959 मध्येच झाले. तरीही रजेच्या अर्जाकडे आपण मेहेरबानी म्हणून बघतो, हे चूक आहे.

चांगलं घडतं, तेही मी इथं मोकळेपणानं सांगेन. आपल्या कारागृहांत ‘गळाभेट’ होते, त्या दिवशी मध्ये जाळी नसते आणि बाप लेकराला उचलून घेतो. येरवड्यात राज्य सहकारी बँकेनं 2022 मध्ये ‘जिव्हाळा’ योजना आणली. आतल्या मजुरीच्या भरवशावर कैद्याला 50,000 रुपयांपर्यंत कर्ज मिळू लागलं, आणि पोरीच्या फीसाठी तो पुन्हा घरचा कर्ता झाला.

आता कर्मचाऱ्यांविषयी. केंब्रिज विद्यापीठात ॲलिसन लीबलिंग यांनी कैद्यांनाच विचारून तुरुंगातलं जगणं मोजायची पद्धत बसवली. त्यात आदर, विश्वास, कर्मचाऱ्यांची वागणूक हे प्रश्न अग्रभागी आहेत. आपल्याकडच्या कुणाही जुन्या कैद्याला विचारा, तो अमुक हवालदार नावानं हाक मारायचा, हे वीस वर्षांनीही सांगेल. पण तो हवालदारही त्याच भिंतीआड दिवसरात्र काढतो, त्यालाही सण घरी मिळत नाही. त्याच्या क्वार्टरची आणि सुट्टीची चर्चा या परिषदेत व्हायला हवी. थकलेल्या माणसाकडून मायेची अपेक्षा किती करणार?

आणि मुलं. सर्वोच्च न्यायालयाच्या 2006 च्या निकालाप्रमाणे आईजवळ कारागृहात मूल सहा वर्षांचं होईपर्यंत राहू शकतं. सहावा वाढदिवस झाला, की ते बाहेर. बाहेर कुणाकडे? या एका प्रश्नावर आपण दोन दिवसांत ठोस काही ठरवलं, तर स्वागत समितीचे कष्ट फळाला आले असं मी समजेन.

निवासात, जेवणात काही उणं राहिलं तर पोटात घाला, पण समितीतल्या पोरांना हक्कानं सांगा. उद्या सकाळी सात वाजता स्वतंत्रपूरला जायला बस निघेल. दोन-अडीच तासांचा रस्ता आहे. एकच विनंती: तिथं माणसांचे संसार आहेत. मोबाईल खिशात ठेवा, दाराशी थांबा, आणि त्यांनी ‘या’ म्हटल्यावरच आत जा.