वेलीखालची मर्मर

अमेरिकेच्या दक्षिणेत जॉर्जिया राज्यात अथेन्स हे विद्यापीठाचे गाव आहे. तेथल्या चार तरुणांनी १९८० साली ‘आर. ई. एम.’ नावाचा वाद्यमेळ काढला आणि १९८३ साली त्यांची पहिली मोठी ध्वनिमुद्रिका निघाली. तिचे नाव ‘मर्मर’. आपल्याकडे पानांची सळसळ ती मर्मर. इंग्रजीत पुटपुटण्याला हाच शब्द!

वेष्टनावर गाणारे नाहीत, कुडझूची वेल आहे. ही मूळची पूर्व आशियातली. जमिनीची धूप थांबावी म्हणून १९३० नंतर सरकारनेच ती शेतकऱ्यांना लावायला सांगितली आणि तिने झाडे, खांब, पडकी घरे गिळून टाकली. गाजरगवताने गांजलेल्यांना जास्त सांगायला नको.

गाणीही तशीच झाकलेली. मायकेल स्टाइपचे शब्द तिकडच्या माणसांनासुद्धा धड कळत नाहीत. पण तराण्यातल्या ‘तनन देरेना’चा अर्थ आपण कुठे विचारतो?

आधी एका निर्मात्याने यंत्राच्या टिकटिकीवर तेच गाणे पुन्हा पुन्हा वाजवून घेतले, वर यंत्राचे सूर चढवले. पोरांना ते रुचेना. ती आपल्या जुन्या निर्मात्याकडे, मिच ईस्टरकडे परतली; त्याच्या जोडीला डॉन डिक्सन. शार्लट गावी त्यांनी आपल्याच चालीने वाजवले. हा हट्ट मला तरी रास्त वाटतो. ‘थ्रिलर’ जगभर धडाक्याने खपत होती त्या वर्षी ‘रोलिंग स्टोन’च्या समीक्षकांनी ‘मर्मर’ला पहिला मान दिला.

शिक्षकबंधूंनो, मुलांना ऐकवायचे तर पहिलेच गाणे घ्या, ‘रेडिओ फ्री युरोप’. नाव चक्क एका नभोवाणी केंद्राचे आहे!