कॅबिनेट मोठी, वाट मोकळी



संगणकाची कॅबिनेट केवळ मोठी असल्याने तो थंड राहत नाही;
हवेला आत येण्याची आणि बाहेर जाण्याची मोकळी वाट मिळाली, तरच उष्णता बाहेर पडते.

म्हणून कॅबिनेट निवडताना तिची पुढची बाजू जाळीची आहे का,
आणि ग्राफिक्स कार्ड व प्रोसेसरवरील कूलर तिच्यात मावतात का, हे आधी पाहावे.

पुढचे पंखे बाहेरची हवा आत घेणारे,
तर मागचे आणि वरचे पंखे गरम हवा बाहेर टाकणारे असावेत.

आत येणारी हवा किंचित जास्त ठेवली, की आतला दाब वाढतो आणि फटींतून धूळ कमी शिरते;
मात्र फिल्टर, म्हणजे धूळ अडवणारी जाळी, नियमित साफ करावी.

१४० मिलिमीटरचा पंखा १२० मिलिमीटरच्या पंख्याइतकी हवा कमी वेगात, त्यामुळे सहसा कमी आवाजात, ढकलतो.

श्रोतेहो, आकारापेक्षा हवेची वाट महत्त्वाची, हे अवश्य ध्यानात ठेवावे.