अंगणातली आसने

(वसई येथे अंगणवाडी सेविका व पालक यांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



तीन वर्षांच्या मुलाला योगासने शिकवावीत काय, असा प्रश्न अलीकडे वारंवार विचारला जातो. २०१५ सालापासून २१ जून हा आंतरराष्ट्रीय योग दिन म्हणून साजरा होऊ लागला, तेव्हापासून तर तो अधिकच ऐकू येतो. या वयात योग खेळावा, एवढेच माझे उत्तर आहे. मात्र त्या ‘खेळावा’ या शब्दात बरेच काही सामावलेले आहे.

आपल्या जुन्या ग्रंथकारांना हे ठाऊक असावे असे वाटते. जगात जितके जीव आहेत तितकी आसने आहेत, असे घेरंडसंहितेत म्हटले असून त्यांपैकी बत्तीस आसनांचे वर्णन केले आहे. मासा, मोर, कोंबडा, कासव, बेडूक, टोळ, मगर, उंट, साप अशी ती नावे. लहान मूल आपण होऊन ज्यांची नक्कल करते, त्यांचीच ही यादी आहे! मोठ्या माणसाला जे प्रयत्नाने साधावे लागते, त्याचा प्रारंभ मुलाच्या ठायी नकलेच्या रूपाने आधीच झालेला असतो.

उंट आपल्या वसईच्या मुलाच्या रोजच्या पाहण्यातला नाही. पण मिठागराच्या कडेला एका पायावर उभा राहणारा बगळा, खाडीच्या चिखलात उड्या मारणारी निवटी, आडवी पळणारी चिंबोरी, पाचूबंदरला हेलकावे खाणारी होडी आणि ताडगोळ्यांचा उंच ताड ही सारी त्याच्या ओळखीची आहेत. येथूनच आरंभ करावा. दोन मुलांनी समोरासमोर बसून, पायाला पाय लावून, हात धरून पुढेमागे झुलावे, झाली होडी. पाठीचा आणि मांड्यांचा ताण सुटतो, आणि जोडीदाराच्या गतीशी आपली गती जुळवण्याचा सराव आपोआप होतो. जे मूल उभे राहू शकत नाही, तेही या होडीत बसू शकते. हात मागे टेकून, कंबर उचलून आडवे चालणे म्हणजे चिंबोरी. हिच्यात मनगट आणि खांदा यांना जे बळ येते, तेच पुढे पेन्सिल धरताना उपयोगी पडते. अक्षर गिरवून घेण्याची घाई करणाऱ्या पालकांनी याचा अवश्य विचार करावा.

बगळ्याच्या बाबतीत मात्र धीर धरावा. तीन वर्षांचे मूल एका पायावर क्षणभरच उभे राहते, पाच वर्षांचे काही सेकंद तोल सांभाळते. पडणे हा त्या खेळाचाच भाग होय. दोन वर्षांच्या मुलाला तर खेळाचे नावही सांगू नये. आपण करावे, त्याला वाटले तर ते करील, नाहीतर दुसरीकडे निघून जाईल. त्यास जाऊ द्यावे.

काही गोष्टी निश्चयाने टाळल्या पाहिजेत. श्वास रोखून धरावयास लावू नये. त्याऐवजी ओठ मिटून भुंग्यासारखा गुणगुणाट करावा. श्वास आपोआप लांबतो आणि मुले हसतातही. शीर्षासन किंवा मानेवर भार देणारी कोणतीही स्थिती नको. पाठ दाबून मुलाला वाकवू नये. खिचडी खाल्ल्यावर लगेच उड्या नकोत. आणि आणखी एक. अंगठे धरून उभे राहणे आणि कोंबडा होणे या शिक्षा आमच्या पिढीने शाळेत भोगल्या. पादहस्तासन आणि अंगठे धरणे यांत शरीराच्या दृष्टीने फारसे अंतर नाही. अंतर आहे ते अपमानाचे. ज्या हालचालीशी अपमान जोडला गेला, ती मूल पुन्हा आनंदाने करीत नाही. म्हणून यांतील कोणताही खेळ शिक्षा म्हणून देऊ नये. तसेच मोठ्या पाहुण्यांसमोर बालकांना उन्हात रांगेने बसवून आसनांचे प्रदर्शन करण्याचा मोहही आवरावा, ही माझी कळकळीची विनंती आहे. मग ते प्रदर्शन माझ्यासारख्या अधिकाऱ्याच्या स्वागताचे का असेना.

ही दृष्टी आपल्याच भागात रुजलेली आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य सुरू केले आणि १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. दोन्ही गावे डहाणू तालुक्यात, म्हणजे आज वसई ज्या पालघर जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यात. पाड्यावरची मुले शाळेत येईनात, तेव्हा त्यांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली. परदेशी साधनांऐवजी पाने, फुले, बिया, खडे वापरले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातील ३३ प्रकल्पांत सुरू झाली, तिच्या केंद्रांना अंगणवाडी हे नाव मिळाले. त्या नावातील अंगण महत्त्वाचे आहे, कारण आज नेमके तेच हरवत चालले आहे.

नालासोपारा किंवा विरार येथील एका खोलीच्या घराचा विचार करा. आईवडील पहाटेची लोकल धरतात, मूल आजीजवळ किंवा शेजारी राहते आणि गप्प बसावे म्हणून त्याच्या हाती मोबाईल दिला जातो. यात कोणाला दोष द्यावा? तीन-चार वर्षांच्या मुलाने दिवसातून किमान तीन तास हालचाल करावी, त्यांपैकी एक तास धावण्या-उडी मारण्यासारखी जोमाची असावी आणि पडद्यासमोर एका तासाहून अधिक वेळ बसू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितले आहे. अंगणवाडीतील पंधरा मिनिटांच्या खेळाने हे तीन तास भरून निघणार नाहीत, हे स्पष्टच बोलले पाहिजे. त्यासाठी जागा हवी. गृहसंस्थेच्या आवारातील वाहनांची जागा सकाळी मोटारी गेल्यावर रिकामी असते; देवळासमोरचे पटांगण, चर्चचे मैदान दुपारनंतर मोकळे असते. ही स्थळे रोज तासभर लहान मुलांना मिळावीत, एवढे पालकांनी व संस्थांच्या पदाधिकाऱ्यांनी एकत्र बसून ठरविले, तर त्याला अनुदानाची वाट पाहावी लागणार नाही.

आता पावसाळ्याविषयी. चार महिने आपल्याकडे पटांगणात पाणी साचते आणि सेविकेजवळ एकच खोली असते. तेव्हा चटईवर होडी आणि भुंगा घ्यावेत, भिंतीला हात टेकून बगळा व ताड करावा. फरशी ओली असताना उड्या नकोत. निवटी आणि चिंबोरी उघडीप मिळेल त्या दिवसासाठी राखून ठेवाव्यात. मुले त्या दिवसाची आठवण स्वतःच करून देतात.