जुन्याशी जुळणारं नवं



अध्यक्षाने सुरुवातीला स्वतःची अपात्रता सांगावी अशी आपल्याकडे प्रथा आहे. वेळ थोडा आहे, तेव्हा ती तुम्ही गृहीत धरा. माझा प्रश्न एकच आहे. ज्या मुक्तस्रोत सॉफ्टवेअरवर लोकांचा पैसा उभा असतो, ते प्रसिद्ध करण्याजोगं झालं हे कशावरून ठरवायचं? उदाहरण बिटकॉइनचं घेतो, कारण त्याच्या चुका चारचौघांत झाल्या आणि नीट लिहूनही ठेवल्या गेल्या.

फेब्रुवारी २०१३मध्ये त्याची ०.८ आवृत्ती आली. नोंदी साठवायला बर्कली डीबी जाऊन लेव्हलडीबी आली होती आणि काम चांगलंच वेगाने होऊ लागलं होतं. मार्चमध्ये व्यवहारांच्या नोंदींचा एक मोठा ब्लॉक आला. ०.८ने तो घेतला, ०.७ चालवणाऱ्या अनेक नोडनी, म्हणजे जाळ्यातल्या संगणकांनी, नाकारला आणि साखळी दुभंगली. बर्कली डीबी एका वेळी किती लॉक घेणार याला मर्यादा होती, ती त्या ब्लॉकने ओलांडली होती. ही मर्यादा म्हणजे बिटकॉइनचा नियम, असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. म्हणजे बरोबर होती ती ०.८च. खाणकामाची बहुतेक ताकदही तिच्याच बाजूला होती. तरीही विकसकांनी मोठ्या मायनिंग पूलना ०.७वर परतायला सांगितलं आणि ते परतले. त्या काळी एका ब्लॉकमागे २५ बिटकॉइन मिळत; नव्या फाट्यावरची ती कमाई त्यांनी सोडून दिली.

एरवी नवी आवृत्ती जुनीपेक्षा सरस असली की भागतं. इथे तिला जुनीशी, कुणालाच ठाऊक नसलेल्या खोडींसकट, जुळवून घ्यावं लागतं. म्हणून ‘सगळ्या चाचण्या पास’ एवढ्यावर माझं समाधान होत नाही. आपल्याला ज्या शंका सुचल्या, त्यांच्याच चाचण्या आपण लिहिलेल्या असतात.

आज या सॉफ्टवेअरची, म्हणजे बिटकॉइन कोअरची, पद्धत बरीच शिस्तीची आहे. साधारण सहा महिन्यांनी नवी आवृत्ती, आधी फीचर फ्रीज, म्हणजे नव्या सोयी घेणं बंद, मग एकामागून एक रिलीज कँडिडेट, म्हणजे पारखायला दिलेल्या उमेदवार आवृत्त्या. अनेक जण एकाच कोडपासून स्वतंत्रपणे बिल्ड करतात, बिट न् बिट जुळते का ते पाहतात आणि मग सही करतात. व्यवस्था उत्तमच आहे. पण फाइल याच कोडमधून निघाली, एवढंच तिच्यातून सिद्ध होतं. कोडच चुकला असेल तर सगळे मिळून त्याच चुकीवर सह्या करतात.

तसं घडलंही. मार्च २०१७मधल्या ०.१४ आवृत्तीत, ब्लॉकची पडताळणी लवकर व्हावी म्हणून, अनावश्यक वाटलेली एक तपासणी गाळली गेली. एकाच व्यवहारात तेच नाणं दोनदा खर्चलं जातंय का, हे पाहणारी ती तपासणी होती. ०.१४मध्ये त्यामुळे नोड बंद पाडता येत होता, ०.१५पासून तर शून्यातून नाणी निर्माण करणं शक्य झालं. ०.१४, ०.१५, ०.१६ या तिन्ही आवृत्त्या रिलीज कँडिडेटच्या पायऱ्या चढून आल्या होत्या. सप्टेंबर २०१८मध्ये चूक दाखवली ती प्रतिस्पर्धी बिटकॉइन कॅशच्या एका विकसकाने. दुसऱ्याच दिवशी ०.१६.३ बाहेर पडली. त्या दिवशी जाहीर झाला तो फक्त नोड बंद पडण्याचा धोका. नाणी निर्माण होण्याची गोष्ट दोन दिवसांनी सांगितली गेली. ही लपवाछपवी मला योग्य वाटते, पण तुमच्यातल्या अनेकांना ती पटणार नाही हे ठाऊक आहे.

(आवृत्तीच्या आकड्याआधीचं ते शून्य २०२१मध्ये गेलं, ०.२१नंतर थेट २२. तोवर अब्जावधी डॉलर त्या शून्याच्या भरवशावर होते, त्यामुळे ‘अजून पूर्ण झालेलं नाही’ या विनयाला फारसा अर्थ उरला नव्हता.)

रिलीज कँडिडेटच्या काळात तक्रार आली नाही, म्हणजे सॉफ्टवेअर ठीक आहे की ते कुणी चालवूनच पाहिलं नाही? बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. त्यामुळे ‘दोन आठवडे झाले, काढा आता’ म्हणणारे माझ्या मते उंटावरून शेळ्या हाकतात. किती दिवस गेले यापेक्षा किती तऱ्हेच्या यंत्रांवर चाललं, हे विचारा.

म्हणून पुढचा रिलीज कँडिडेट येईल तेव्हा तो घरातल्या सर्वांत जुन्या यंत्रावर चढवा. जुन्या वॉलेटची प्रत काढून, मूळ फाइलला हात न लावता, ती प्रत उघडून पाहा. मग काहीही बिघडलं नाही तरी कळवा: कोणती ऑपरेटिंग सिस्टीम, आधी कोणती आवृत्ती होती, साखळीची पडताळणी पहिल्यापासून केली की मधूनच सुरू केली.