पोडावरची ग्रामसभा

केळापूर, झरी-जामणी, मारेगाव या आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या तालुक्यांत मोठ्या गावापासून जरा आत गेलं, की टेकडीच्या कडेला तीस-चाळीस घरांची वस्ती लागते. कोलामांची ही वस्ती म्हणजे पोड. तिथं चावडी असते. नाईक, महाजन, कारभारी ही तिथली जुनी पदं. भांडणतंटा मिटतो तो त्यांच्यासमोर.

पण चावडीवर ज्यांचा शब्द चालतो, ती माणसं ग्रामपंचायतीच्या सभेत मात्र मागे, भिंतीला टेकून बसलेली मी पाहिली. एका नाईकबाबांना विचारलं, तुम्ही बोलत का नाही? ते म्हणाले, "बाई, आमी बोलतो कोलामीत. तथं कोनाले समजते? हात वर करा म्हनलं का करतो." कोलामी ही गोंडी, तेलुगूसारखी द्रविड कुळातली भाषा. ठराव मराठीत, तोही सरकारी मराठीत. तो आपल्यालाही एकदा वाचून कळत नाही, मग त्यांची काय कथा!

खरं तर कायदा त्यांच्या बाजूचा आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यानं जंगलावरचे सामूहिक हक्क मान्य केले. पेसा कायदा तर १९९६ चा. पण महाराष्ट्रात त्याचे नियम यायला मार्च २०१४ उजाडलं. पेसा क्षेत्रातल्या पाड्याला किंवा पोडाला ठराव करून स्वतंत्र गाव म्हणून मान्यता मागता येते, ती या नियमांमुळे. म्हणजे पोडाची स्वतःची ग्रामसभा. मात्र ठराव, दावा, नकाशा, सगळं कागदावर यावं लागतं.

इथं तरुण मुलं हवीत, हे आम्हाला कळलं. पण कोणती, हे ओळखण्यात चूक झाली आणि ती माझीच. बारावी झालेली, चुरचुरीत बोलणारी तीन मुलं निवडली, शिबिरांना पाठवली, भाषणं करायला शिकवलं. वर्षभरात एक जण ठेकेदाराकडे मुकादम झाला, दुसरा निवडणुकीच्या नादी लागला. तिसरा पोडावर राहिला, पण म्हाताऱ्यांना मध्येच तोडून स्वतःच बोलू लागला. नाईकबाबा मला हळूच म्हणाले, "पयले सायेब बोले, आता हा बोलते."

काम पुढे नेलं ते नववीत शाळा सुटलेल्या एका मुलीनं. वनहक्काच्या नियमांत वडीलधाऱ्यांचं लिहून घेतलेलं निवेदन पुरावा म्हणून चालतं. मात्र एकाहून अधिक पुरावे लागतात. ही मुलगी वही घेऊन म्हाताऱ्यांबरोबर जंगलात जायची. मोह कुठला, मसणवट कुठली, देवाची जागा कुठली, जुनी विहीर कुठं, हे मराठीत लिहायची आणि तिथंच कोलामीत वाचून दाखवायची. म्हातारा म्हणायचा, तो नाला नव्हे, पलीकडचा. ती खोडून पुन्हा लिहायची. वही खाडाखोडीनं भरली होती. मी निवडलेल्या मुलांच्या वह्या फार स्वच्छ होत्या.

गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावानं अभ्यासगट आणि सर्वसहमती यांच्या बळावर काय केलं, हे मी कितीदा तरी सांगितलं होतं. पण अभ्यास म्हणजे व्याख्यान, असंच इतकी वर्षं माझ्या डोक्यात होतं.

सगळं लिहून झाल्यावर ते चावडीवर वाचायचं ठरलं. पण पोरीनं चावडीवर बसावं का, यावरच पहिली बैठक उठली. दुसऱ्या बैठकीत तिनं दारातूनच नियम वाचला: ग्रामसभेला निम्मे सभासद हजर पाहिजेत आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश बाया. बाया नसतील तर ठराव टिकणार नाही. थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग कारभाऱ्यांनी आपल्या बायकोला हाक मारली. तिच्यामागून बाकीच्या आल्या. ठराव झाला त्या दिवशी तो कोलामीत तीनदा वाचावा लागला, कारण बायांनी दोन ठिकाणी दुरुस्त्या सांगितल्या. सरपणाची वाट पुरुषांनी सांगितलीच नव्हती!

गेल्या वर्षी त्या मुलीचं लग्न झालं, ती दुसऱ्या तालुक्यातल्या पोडावर गेली. दावा अजून वरच्या समितीपुढे पडून आहे. वही आता शेजारच्या सतरा वर्षांच्या मुलाकडे असते. त्याचं अक्षर त्याला स्वतःलाच लागत नाही, म्हणून नाईकबाबा त्याच्याकडून प्रत्येक पान दोनदा वाचून घेतात.